केर मोजायची पट्टी

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात वलगाव येतं, आणि वलगावला पेढी नदीचा पूल. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. बाबांची कामाची रीत वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. गावात शिरायचं, कोणाला न विचारता झाडू हाती घ्यायचा, दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांची डोकी झाडायची. किती फूट झाडलं आणि किती डोकी झाडली याची नोंदवही त्यांच्या गाडग्यात नव्हती. पुढे २०००-०१ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं आणि गावांना गुण द्यायला सुरुवात केली. अभियानाने अनेक गावांचा चेहरा बदलला, हे खुल्या मनाने मान्य करायला हवं. पण गुणांच्या मागोमाग जे येतं तेही आलं. ‘गाव स्वच्छ आहे का’ या प्रश्नाशेजारी ‘समिती कोणत्या रस्त्याने येणार’ हा दुसरा प्रश्न मांडी ठोकून बसला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींनी आपल्या कोडातला केर मोजायला घेतला, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच दोन प्रश्न उभे राहिले, आणि पन्नास वर्षं होत आली तरी पहिल्याचं उत्तर देताना ते दुसऱ्याचंच देतात असा संशय घ्यायला जागा आहे.

आधी केर येतो कुठून ते पाहू. कोणताही प्रोग्राम पहिल्या वर्षी स्वच्छच असतो, कारण त्याने अजून कोणाचं काही काम केलेलं नसतं. मग वापरणारे येतात आणि त्यांच्यामागून त्यांचे अपवाद येतात. मॅनी लेहमन या संशोधकाने १९७४ पासून याचे नियमच मांडले: वापरात असलेला प्रोग्राम बदलत राहावाच लागतो, आणि बदलत गेला की त्याची गुंतागुंत वाढत जाते, ती कमी करायला कोणी मुद्दाम कष्ट घेतले तरच ती आटोक्यात राहते. यातलं ‘मुद्दाम कष्ट’ एवढंच आपल्याकडे गळतं. ‘हिशोब’ नावाचं एक फंक्शन असतं. त्याला हात लावायची भीती वाटते, म्हणून त्याची नक्कल करून ‘हिशोब_नवा’ तयार होतं आणि दुरुस्ती त्यात होते. पुढच्या वर्षी ‘हिशोब_नवा_अंतिम’. त्यापुढच्या मार्चअखेरीला ‘हिशोब_अंतिम_हात_लावू_नये’. एका नावाची दोन गावं झाली तेव्हा आपल्या पूर्वजांनी प्रामाणिकपणे एकाला बुद्रुक म्हटलं आणि दुसऱ्याला खुर्द. कोडात चारही गावं बुद्रुक असतात, आणि टपाल नेमकं कोणत्या गावाला जातं हे फक्त एका पोस्टमनला माहीत असतं, जो मागच्याच महिन्यात नोकरी सोडून गेला.

या गुंत्याला आकडा लावायचं श्रेय थॉमस मॅकेब या अमेरिकन गणितज्ञाकडे जातं. त्याचा लेख १९७६ चा, म्हणजे गाडगेबाबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातला. हा योगायोग कोणत्याही सरकारी समितीच्या नजरेतून सुटला हे बरंच झालं. मॅकेब म्हणाला, प्रोग्राममध्ये जिथे जिथे वाट फुटते, ‘असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’, त्या जागा मोजा आणि त्यात एक मिळवा. एकही फाटा नसलेल्या फंक्शनचा आकडा १. आकडा १० च्या पुढे गेला की ते फंक्शन मोडून लहान करा; अर्थात या १० मध्ये काही जादू नाही हेही त्यानेच सांगून ठेवलं. त्याआधी लोक ओळी मोजत, आणि ओळींनी फार काही कळत नाही. हजार ओळींचं सरळ पत्रक डुलक्या घेत वाचता येतं. चाळीस ओळींत पंधरा फाटे असले की दुपारचं जेवण चुकतं. मॅकेबच्या आकड्याला व्यवहारातला अर्थही आहे. ते फंक्शन तपासायचं तर निदान तेवढ्या वेगवेगळ्या वाटांनी चालून पाहायला हवं, असं तो सांगतो. शिवाय हा आकडा काढणाऱ्याला प्रोग्राम समजावा लागत नाही, यंत्रही तो काढू शकतं. त्या मापाचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि सर्वांत मोठा दोषही.

आता हे माप घेऊन अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीत जायची गरज नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पाठ असलेलं उदाहरण घेऊ. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ, एवढंच वाक्य असतं तर फाटा एक आणि आकडा २. पण वाक्य तेवढ्यावर थांबलं नाही. शेतकरी थकबाकीदार आहे का? घरात सरकारी नोकर आहे का? आयकर भरणारा? लोकप्रतिनिधी? थकबाकी दीड लाखाच्या वर आहे का? असेल तर वरची रक्कम त्याने भरली का? थकबाकीदार नसेल तर कर्ज नियमित फेडणारा आहे का? असेल तर फेडलेल्या रकमेचे २५ टक्के कमी की २५ हजार रुपये कमी? लाभ कुटुंबाला एकच, मग नवराबायको दोघांच्या नावावर कर्ज आहे का? आणि ते वेगवेगळ्या बँकांत आहे का? बोटं मोजा. दहा फाटे, अधिक एक, अकरा. म्हणजे एकाही शेतकऱ्याने अर्ज भरण्याआधी, प्रोग्रामरने एकही ओळ लिहिण्याआधी, योजना मॅकेबची लक्ष्मणरेषा ओलांडून गेली होती. त्यातली प्रत्येक अट दुसरीपासून मोकळी धरली तर दहा होय-नाहींच्या जोड्या १,०२४ होतात; एवढ्या तऱ्हेचे शेतकरी तर आपल्या कवींनाही सुचले नाहीत. पुढे कर्ज कधीपासूनचं धरायचं ती तारीखही मागे सरकवण्यात आली.

त्यानंतर जे झालं ते वर्तमानपत्रांत सविस्तर छापून आलं. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी ६६ रकान्यांचं पत्रक भरायचं, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे. ताडताना आढळलं की एकाच आधार क्रमांकावर अनेक नावं आहेत. यादी आली, थांबली, परत आली. लोकांनी खापर फोडलं ते सॉफ्टवेअरवर. ‘पोर्टल लटकलं’ हा त्या दिवाळीचा मंत्र होता. पोर्टल निर्दोष होतं असं कोणी म्हणणार नाही, पण खटला जरा बारकाईने चालवायला हवा. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये एका गाजलेल्या लेखात गुंतागुंतीचे दोन भाग पाडले: एक मुळातच कामात असलेली, दुसरी आपण काम करताना आपल्या हाताने आणलेली. प्रोग्रामर फक्त दुसरी झाडू शकतो. दहा फाटे त्याने कितीही सुबक मांडले, दहा फंक्शनांत वाटले, तरी ते दहाच राहतात. जीआरमध्ये लिहिलेलं त्याला कोडात खोडता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना नागपूरच्या अधिवेशनात जाहीर केली, तेव्हा दोन लाखांची मर्यादा ठेवली, नोकरदार आणि आयकरवाले आधीसारखेच वगळले, पण कुटुंबाची अट काढली आणि अर्जही काढून टाकला. बँकेने यादी द्यायची, शेतकऱ्याने जाऊन आधारचा अंगठा लावायचा. कोणती योजना उदार आणि कोणती कंजूष हा वाद चावडीवर घालायचा. इथे मुद्दा एवढाच की दोन अटी गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कोडातल्या अनेक खोल्यांची गरजच संपली. कोड सोपा करण्याचं सर्वांत मोठं काम त्या वेळी एका कॅबिनेटने केलं आणि त्यांना ते कोणी सांगितलंही नसेल.

म्हणून माझं म्हणणं असं की गुंतागुंत मोजायची पट्टी चुकीच्या टेबलावर ठेवलेली आहे. ती प्रोग्रामरच्या टेबलावर असते आणि तिथे ती लाल दिवा दाखवते. मग प्रोग्रामर झाडू घेतो, रस्ता झाडतो, आणि रात्री कीर्तन करायला मात्र त्याला परवानगी नसते. नियम बनवणाऱ्यांची डोकी ज्या बैठकीत असतात त्या बैठकीत त्याला फक्त प्रोजेक्टरची वायर लावायला बोलावतात.

आता नकलेकडे वळू, कारण नक्कल हे प्रोग्रामरचं स्वतःचं, अस्सल घरचं पाप आहे. यात जीआरला ओढता येत नाही. नकलेत तोटा असा की चूकही सोबत नक्कल होते, पण दुरुस्ती नक्कल होत नाही. ‘हिशोब’मध्ये सापडलेली चूक ‘हिशोब_नवा’मध्ये तशीच सुखाने नांदते. तेवढी लांबची नक्कल कशाला, एक ओळ पुरते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आपल्या फोनमधली एक गंभीर चूक घाईघाईने दुरुस्त करावी लागली. समोरचा खरा आहे की तोतया, हे ओळखणाऱ्या भागात ‘चूक आहे, बाहेर पडा’ अशा अर्थाची ओळ एका शर्तीखाली हवी होती. ती लागोपाठ दोनदा लिहिली गेली. पहिली शर्तीला बांधलेली, दुसरी मोकळी. परिणामी पुढची महत्त्वाची तपासणी न होताच प्रोग्राम बाहेर पडायचा, आणि बाहेर पडताना ‘सगळं ठीक’ असा शेरा मारायचा. गंमत अशी की या जास्तीच्या ओळीने एकही नवा फाटा फुटत नव्हता, त्यामुळे मॅकेबचा आकडा ढिम्म हलला नसता. नकला शोधायची साधनं त्यासाठीच वेगळी असतात. ती कोड शब्दाशब्दाने ताडून पाहतात आणि नावं बदलून केलेली कॉपीही पकडतात. बोर्डाच्या परीक्षेतल्या भरारी पथकाला ती का देत नाहीत कोण जाणे. प्रोग्राम तपासणारे प्रोग्राम करण्यात आपण मागे आहोत असंही नाही. टाटांनी १९८१ मध्ये पुण्यात काढलेल्या संशोधन केंद्रात हे काम वर्षानुवर्षं झालं आहे.

इथे जाणकार वाचक हात वर करतो आणि त्याचा आक्षेप खरोखर वजनदार आहे. सारखं दिसणारं सगळं सारखं असतं का? नसतं. ॲंडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ मध्ये ‘एकच गोष्ट दोनदा लिहू नका’ हा धडा घालून दिला, पण त्यांचा रोख माहितीवर होता. तिचं अधिकृत घर एकच असावं, असं ते सांगत होते. शिष्यांनी तो धडा ओळींना लावला. समजा, एखाद्या हुशार मुलाने ठरवलं की २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी सारखीच दिसते, तर एकच ‘कर्जमाफी’ फंक्शन करू. मग त्याला बाहेरून सांगावं लागणार: कुटुंब धरायचं का, होय की नाही, अर्ज लागतो का, मर्यादा दीड लाख की दोन, वरची रक्कम भरून घ्यायची का. नक्कल गेली खरी, पण तिच्या जागी चार खुंट्या आल्या, आणि पुढच्या निवडणुकीनंतर पाचवी येणारच. सँडी मेट्झ या प्रोग्रामर बाईंचं म्हणणं मला इथे पटतं: चुकीची एकी करण्यापेक्षा नक्कल परवडली. दोन गोष्टी आज सारख्या आहेत हे पुरेसं नाही. उद्या त्या एकाच कारणासाठी बदलणार आहेत का, हे विचारायला हवं. दोन सरकारं एकाच कारणासाठी काही बदलतील, यावर पैज लावणारा माणूस वऱ्हाडात तरी सापडायचा नाही. आणि नुसतं जुनं वापरल्याने शहाणपण येत नाही, याचा पुरावा जून १९९६ मध्ये आकाशात दिसला. एरियान ५ या युरोपी अग्निबाणात एरियान ४ मधला कोड जसाच्या तसा घेतला होता. नवा अग्निबाण जास्त जोरात निघाला, एक आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही आणि चाळीसेक सेकंदांत सगळं संपलं. ज्या हिशेबात तो आकडा फुटला, त्या हिशेबाची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

दुसरा आक्षेप विद्वानांचा नाही, पण तो सर्वांत जास्त ऐकू येतो. ‘चालू हाय नं बाप्पा, मंग काहून हात लावून रायले?’ याच्या मागे आळस आहे असं समजू नये. यात अनुभव आहे. चालत्या प्रोग्रामला हात लावून तो बंद पाडल्याबद्दल मेमो मिळतो, न लावल्याबद्दल आजवर कोणाला मिळालेला नाही. पण न वापरलेला कोड म्हणजे गप्प बसलेला कोड, ही समजूत महागात पडते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने एक जुनं फंक्शन कित्येक वर्षं वापरलं नव्हतं, पण काढलंही नव्हतं. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा प्रोग्राम बसवताना जुनी खूण नव्या कामासाठी वापरली. आठपैकी एका संगणकावर नवा कोड चढवायचा राहिला. त्या एका संगणकाने ती खूण पाहिली आणि मेलेलं फंक्शन उठून बसलं. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले. कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. पडीक कोड झाडायचा खर्च जास्त वाटतो तेव्हा या पाऊण तासाचा तासिका दर काढून पाहावा.

तिसरा आक्षेप मापावरच आहे, आणि त्यात माझीही साक्ष आक्षेपकांच्या बाजूने आहे. ज्याचे गुण मिळतात तेच होतं. ओळींवर पगार ठरला तर ओळी होतात. १९८२ मध्ये ॲपलमध्ये प्रत्येकाने आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायचं होतं. बिल ॲटकिन्सनने नुकताच एक भाग नव्याने लिहून तो कित्येक पट वेगवान केला होता, आणि तसं करताना दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर ‘उणे २०००’ असं लिहिलं. थोड्याच दिवसांत त्याला फॉर्म भरायला सांगणं बंद झालं. मॅकेबचा आकडा तरी फसवता येत नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने अकरा फाट्यांचं फंक्शन घ्यावं आणि त्याचे ‘भाग_१’ ते ‘भाग_११’ करावेत. प्रत्येकाचा आकडा हिरवा होतो. वाचणारा मात्र अकरा दारं उघडत हिंडतो आणि शेवटी पहिल्याच खोलीत येतो. तरीही आकडा फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ‘अनुभवी माणसाला वासावरून कळतं’ हे खरं आहे. या धंद्यात वाईट कोडाला ‘वास’ हाच शब्द रूढ आहे. पण अनुभवी माणूस अमरावतीत थांबत नाही. गाडगेबाबांचंच नाव असलेल्या विद्यापीठाखाली तो शिकतो, हिंजवडीत पाच वर्षं वास घेतो, मग न्यू जर्सीला जातो, आणि जाताना नाक सोबत नेतो. मागे राहिलेल्या नवशिक्याला निदान कोणत्या खोलीत दबकत शिरायचं एवढं सांगायला आकडा पुरतो. ताप मोजला म्हणजे रोग कळला असं नाही, पण वॉर्डात कोणाकडे आधी जायचं ते कळतं.

हल्ली एक चौथा आवाज आला आहे: यंत्रच आता कोड लिहितं, मग केराची चिंता कशाला? चिंता याच्याचसाठी. नक्कल करताना माणसाला निदान कंटाळा येतो आणि कंटाळ्यापोटीच जगातलं बरंच चांगलं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं आहे. यंत्राला कंटाळा नाही. त्याला ‘हिशोब’ मागितला तर ते दर वेळी नवा, नेटका, सुवाच्य हिशोब देतं, आणि आधीचा काढून टाकू का असं क्वचितच विचारतं.

तेव्हा पट्टीची जागा बदलून पाहायला हरकत नाही. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं आणि डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित असल्याचं लिहिलेलं असतं, आणि सोबत त्याचा एक लांबलचक संकेतांकही असतो. त्या आकड्याशेजारी आणखी एक छोटा आकडा छापावा: या निर्णयात एकूण फाटे किती. शेतकरी योजनेत १० च्या वर गेला की सचिवांनी सही करण्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा, श्रोत्यांत एक तलाठी, एक बँक शाखाधिकारी आणि एक प्रोग्रामर बसवायचा. मंत्रालय हे मान्य करील याची मला खात्री आहे. अंमलबजावणी कशी होईल याचीही आहे. अकरा फाट्यांचा एक निर्णय निघणं बंद होईल. त्याऐवजी एकेका फाट्याचे अकरा निर्णय निघतील, प्रत्येकाचा आकडा २, प्रत्येकाच्या संदर्भात उरलेल्या दहांचे दिनांक, आणि महिन्याभराने सातव्याचं शुद्धिपत्रक.